खिशांची वही

आमच्या थोरल्या जाऊबाई बावीस वर्षं लोकांचे खिसे तपासत आल्या आहेत, आणि त्याचा पगारही घेतात. दवाखान्यांचे आणि हॉटेलांचे मळके कपडे ज्या मोठ्या लाँड्रीत येतात, तिथल्या पहिल्या टेबलावर त्यांची जागा. गाठोडं सुटलं की चादरी एकीकडे, टॉवेल दुसरीकडे, आणि खिसा असलेला प्रत्येक कपडा आधी जाऊबाईंच्या हातात. खिसा उलटा करायचा, शिवणीत बोट फिरवायचं, मगच तो मशीनकडे सोडायचा. लाँड्रीत सगळे त्यांना ‘झडतीबाई’ म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्या ओ देतात.

या कामात त्यांनी एक वही सुरू केली, ती कुणी सांगितलं म्हणून नाही. कामाला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी कुणाच्या तरी खिशातलं पेन मशीनमध्ये गेलं आणि चाळीस पांढरे कोट निळे होऊन बाहेर आले. त्या दिवशी जाऊबाई टेबलावर नव्हत्याच. तरी ठपका त्यांच्यावर आला, कारण कोण होतं हे कुठं लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या पैशाने जाड वही आणली, पानांवर आकडे घातले आणि रेघा मारल्या: तारीख, कपडा कुणाचा, खिशात काय निघालं, कुणी काढलं, कुणाला परत दिलं, घेणाऱ्याची सही. निघालेला कागद असेल तर त्यावरचं नाव आणि तारीखही उतरवायची. बटण निघालं तरी नोंद. दात कोरायची काडी निघाली तरी नोंद. लोक पोट धरून हसले.

मग एकदा एका दवाखान्याने अंगठी हरवल्याची तक्रार केली, आणि ती अंगठी त्यांच्याच माणसाने सही करून नेल्याचं वहीत निघालं. त्यानंतर हसणं बंद झालं. मॅनेजरसाहेबांनी प्रत्येक पानावर शिक्का मारायचा हुकूम काढला. नवं गिऱ्हाईक आलं की आता त्याला आधी ती वही दाखवतात.

हे ऐकून कुणाला वाटेल की अशा बाईबरोबर एका स्वयंपाकघरात राहणं सोपं असेल. मी अकरा वर्षं राहते आहे. मी लावलेलं डब्याचं झाकण त्या पुन्हा दाबून बघतात. मी बंद केलेला नळ पुन्हा पिळतात. माझा राग नाकावर, त्यांचा कुठं असतो ते कुणालाच माहीत नाही. भांड्याला भांडं लागतंच म्हणतात, आमच्याकडे ते ठरल्या वेळी लागतं.

गेल्या वर्षी त्यांना कावीळ झाली. डोळे पिवळे, अन्नाचा वास नको, उठून बसलं की भिंत धरायची. डॉक्टरांनी वीस दिवस विश्रांती लिहून दिली. लाँड्रीचा नियम असा, की डॉक्टरांचा कागद तीन दिवसांत सुपरवायझरकडे पोचला तर आजारपणाचा पगार मिळतो, नाहीतर माणूस न कळवता गैरहजर. जाऊबाई स्वतःच निघाल्या होत्या, दारापर्यंत पोचून खाली बसल्या. भाऊजी कामावर, आमचे हे कामावर. मी म्हटलं, आणा इकडे, मी देऊन येते.

शुक्रवार होता. सुपरवायझर फाटकाशी गाड्या उतरवून घेत होता. मी कागद त्याच्या हातात दिला, कुणाचा, कशाचा, किती दिवसांचा, सगळं सांगितलं. त्याने मान हलवली, कागदाची घडी घालून कोटाच्या खिशात ठेवला आणि गाडीवाल्यावर ओरडायला वळला. मी घरी आले. अशा वेळी पोच घ्यायची असते, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी घरी बसून शिवणकाम करते, ब्लाऊज दिल्याची पोच माझ्याकडे कुणी मागत नाही.

वीस दिवसांनी जाऊबाई कामावर गेल्या. पगाराच्या दिवशी चिठ्ठी हातात पडली, तीत लिहिलेलं, ‘न कळवता गैरहजर, वीस दिवस, विनावेतन’. त्या कारकुनाकडे गेल्या. कारकुनाने सुपरवायझरकडे बोट दाखवलं. सुपरवायझरने कानांवर हात ठेवले. असा कुठला कागद आपल्याकडे आलाच नाही, तो म्हणाला.

घरभाडं त्या पगारावर होतं. शिवाय ते तीन शब्द त्यांच्या नोकरीच्या पुस्तकात चढले होते, आणि असे शेरे तीन झाले की लाँड्री माणसाला घरी बसवते. बावीस वर्षांत त्यांचा पहिलाच.

त्या रात्री जेवताना आमच्या ह्यांनी मला विचारलं, “तू नक्की त्याच्याच हातात दिलास ना? दुसऱ्या कुणाकडे तर नाही?” भाऊजी भाजी वाढून घ्यायचे थांबले. माझ्या अंगाची आग झाली. मी खरं सांगत होते आणि ते खरं असल्याचा एक चिटोराही माझ्याकडे नव्हता. सुपरवायझरने खोटं ठरवलं होतं ते कागदाला नाही, मला. मी ताट सोडून उठले.

“बस,” जाऊबाई म्हणाल्या. “त्याने कोट घातला होता?”

“हो.”

“कागद कुठल्या खिशात ठेवला?”

“वरच्या. डाव्या. चष्म्याच्या मागे.”

“आणि शुक्रवार होता.”

मी मान हलवली. जाऊबाई पाणी प्यायल्या आणि त्यांनी आणखी थोडा भात मागितला. आजारानंतर त्यांनी पहिल्यांदाच काही मागून घेतलं होतं.

उलगडा त्यांनी भात संपल्यावर केला. साहेबलोकांचे कोट शुक्रवारी संध्याकाळी धुवायला टेबलावर येतात. गिऱ्हाइकांना ‘खिसे रिकामे करून पाठवा’ म्हणून पत्रं लिहिणारा हा सुपरवायझर स्वतःच्या कोटाचा खिसा कधीच रिकामा करत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तेव्हा कागद त्याच दिवशी टेबलावर आला असणार, आणि टेबलावर आला असेल तर वहीत असणार.

तो वहीत होता. जाऊबाईंच्या जागी त्या दिवसांत घड्या घालणाऱ्या विभागातली एक बाई उभी राहत होती. तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, सुपरवायझरसाहेबांचा कोट, चष्मा एक, पेन दोन, डॉक्टरचा कागद एक. त्यापुढे कागदावरचं नाव, आमच्या जाऊबाईंचं, आणि तारीख. परत दिलं. शेजारी सुपरवायझरची सही, खाली दोन टिंबं, नेहमीसारखी. त्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, मी तर त्यांच्याच हातात दिला, मला वाटलं त्यांना माहीतच आहे. तिचं काय चुकलं होतं?

मी म्हटलं, पान फाडून आणा आणि त्याच्या नाकासमोर धरा. जाऊबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांना पांढऱ्या चादरींत लाल रुमाल टाकायला सांगितलं होतं.

“पान फाडलं की वहीची रद्दी होते,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी रीतसर अर्ज लिहिला. डॉक्टरांकडून कागदाची दुसरी प्रत आणली, ती जोडली, आणि अर्ज दिल्याचा शिक्का आपल्या प्रतीवर मारून घेतला. वहीचं नाव अर्जात कुठंही नव्हतं. उत्तर म्हणून महिनाभर ‘बघतो’, ‘सांगतो’, ‘साहेब बाहेरगावी आहेत’ एवढंच मिळालं. त्या दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कारकुनासमोर जाऊन उभ्या राहायच्या. भांडायच्या नाहीत. विचारायच्या आणि परत यायच्या. कारकून सोमवारी डबा लवकर संपवायला लागला.

शेवटी मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. पाकीट तयार होतं, रक्कम जवळजवळ पूर्ण. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, ‘सहानुभूतीपूर्वक मदत’. खाली सही करायची आणि विषय संपवायचा.

“मदत नको, साहेब,” जाऊबाई म्हणाल्या. “पगार द्या.”

पैसे तेच आहेत, शब्दाने काय फरक पडतो, असं साहेबांनी समजावलं. शेरा तसाच राहणार ना, असं जाऊबाईंनी विचारलं. शेरा तर राहणारच, कारण कागद आलेला नाही. मग पाकीट तिथंच राहिलं. घरी हे ऐकून भाऊजींनी कपाळावर हात मारला. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, ते म्हणाले. खरं सांगते, मलाही वाटलं की घ्यावं. आणि वही तिथंच का दाखवली नाही, असंही मी विचारलं.

“चार भिंतींत दाखवली तर चार भिंतींतच राहील,” त्या म्हणाल्या. “कुणीतरी लिहून घेणारं समोर पाहिजे.”

लिहून घेणारं माणूस कामगार कार्यालयात मिळालं. दुसरा मजला, एक पाय आखूड असलेलं बाकडं, चष्म्याला साखळी लावलेल्या अधिकारीबाई. पहिल्या तारखेला लाँड्रीकडून कुणी आलंच नाही. जाऊबाईंचा त्या दिवसाचा पगारही गेला, आणि परतताना मी सगळा रस्ता लाँड्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यांनी फक्त पुढची तारीख दोनदा वाचून पर्समध्ये ठेवली.

दुसऱ्या तारखेला सुपरवायझर आणि कारकून आले. सुपरवायझरने तेच सांगितलं. वर म्हणाला, घरातल्या बायकांनी कागद कुठंतरी ठेवला असेल आणि आता आठवत नसेल. मी उठणार, तेवढ्यात जाऊबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. काविळीने हाडं दिसायला लागली होती, तरी हात चांगला जड होता.

“मॅडम, यांना एकच विचारा,” त्या म्हणाल्या. “लाँड्रीत खिशांची वही आहे. तिच्यावर यांचा भरवसा आहे का?”

अधिकारीबाईंनी विचारलं, ही कसली वही? आणि सुपरवायझर खुलला. गिऱ्हाइकांना सांगून सांगून त्याला ते तोंडपाठ होतं. आमच्याकडे टाचणीसुद्धा हरवत नाही, पानांवर आकडे आहेत, प्रत्येक पानावर शिक्का आहे, वस्तू घेणारा सही केल्याशिवाय हात लावत नाही, त्या वहीपुढे दवाखानेसुद्धा बोलत नाहीत. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताना इतका खुशीत असलेला माणूस मी पाहिला नव्हता. अधिकारीबाईंनी त्यातला शब्द न् शब्द लिहून घेतला.

“मग त्या शुक्रवारचं पान बघा,” जाऊबाई म्हणाल्या. “साहेबांचा स्वतःचा कोट.”

कारकुनाला वही आणायला पिटाळलं. आम्ही तीन वाजेपर्यंत त्या लंगड्या बाकड्यावर बसलो. दुसऱ्या टोकाला सुपरवायझर, तो हलला की आम्ही हलायचो. वही प्लास्टिकच्या पिशवीत आली. अधिकारीबाईंनी पान काढलं, नोंद मोठ्याने वाचली आणि वही त्याच्याकडे फिरवली. त्याने सहीखालच्या दोन टिंबांवर बोट ठेवलं.

“मी वाचत नाही,” तो म्हणाला. “नुसती सही करतो.”

अधिकारीबाईंनी तेही लिहून घेतलं.

तो काही दुष्ट माणूस नाही, एवढं मी आता म्हणू शकते. कागद धुतलेल्या कोटाबरोबर कुठल्यातरी खणात गेला असेल आणि तो विसरला असेल. विसरणं माफ. पण विसरलो असं म्हणायच्या ऐवजी त्याने दुसऱ्याच्या घरात खोटारडी बाई शोधली, ते मला अजून माफ करता आलेलं नाही, आणि मी प्रयत्नही करत नाही.

आठवड्याभरात नवी चिठ्ठी आली. ‘आजारी रजा, वीस दिवस, भरपगारी.’ शेऱ्यावर लाल शाईने काट मारून खाली मॅनेजरसाहेबांची सही. जाऊबाईंनी ती चिठ्ठी सगळ्यांसमोर मला वाचायला लावली. मी वाचत असताना आमचे हे खिडकीबाहेर बघत होते. मी आणखी एकदा वाचली, जरा मोठ्याने.

पुढच्या शुक्रवारी सुपरवायझरचा कोट टेबलावर आला, तो खिसे बाहेर काढलेला. जाऊबाईंनी वहीत लिहिलं, ‘खिसे रिकामे’, आणि सहीसाठी वही पुढे केली. त्याने ती ओळ वाचली, वरच्या ओळीही वाचल्या, आणि मग सही केली.

हे जाऊबाई ओट्याशी उभ्या राहून मला सांगत होत्या आणि बोलता बोलता मी लावलेलं डब्याचं झाकण दाबत होत्या. मला राहवलं नाही. मी विचारलं, “जाऊबाई, घरात सगळ्यांच्या मनात आलं. ह्यांनी तर तोंडावर विचारलं. तुम्ही एकदाही विचारलं नाही, की कागद खरंच दिलास का.”

त्यांनी झाकण आणखी एकदा दाबलं आणि डबा फळीवर ठेवला.

“खिसे मी लाँड्रीत तपासते,” त्या म्हणाल्या. “घरातल्यांचे नाही.”