विद्युल्लतेचा पाय आणि मालन सिस्टर

देवासच्या एका खासगी इस्पितळात मालन बावीस वर्षं नर्स आहे. तिचे पूर्वज दरबाराबरोबर तंबू शिवत माळव्यात आले. वडील स्कूटरच्या सीटा शिवत. त्यामुळे कुणी ‘आमचे पणजोबा दरबारात कारभारी होते’ असं सुरू केलं की तिला जांभई येते. धारच्या भैयासाहेबांनी ते नोंदणीच्या खिडकीवरच सांगून टाकलं. स्वतः ते एका कचेरीत आवक-जावक पाहत. पणजोबांची पगडी वारशात आली होती, डोकं वाटेत कुठेतरी पडलं असावं.

त्यांची बायको विद्युल्लता शाळेत शिक्षिका. माहेरी सोनकच्छला गेली असताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा धक्का लागून स्कूटीवरून पडली. नडगीवरचं कातडं-मांस निघून हाड उघडं पडलं. डॉक्टर अजेय म्हणाले, मांडीचं कातडं-मांस रक्तवाहिन्यांसकट काढून नडगीवर बसवू आणि तिथल्या शिरांना जोडू. या तुकड्याला वॉर्डात सगळे ‘फ्लॅप’ म्हणतात.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मालननं विद्युल्लतेच्या मांडीवर मशीनची कांडी फिरवून तिला रक्ताचा शुक-शुक आवाज ऐकवला.

“हा आवाज खाली नडगीत न्यायचाय. नंतर पाय उशांवर, उंच. मी सांगेपर्यंत खाली सोडायचा नाही. संडासलासुद्धा पलंगावरच. समजलं?”

“समजलं. दुखेल फार?”

“दुखेल. सांगायचं, लपवायचं नाही.”

भैयासाहेब तेव्हा फोनवर कुणातरी ओळखीच्याची ओळख काढत होते. संमतीच्या कागदावर त्यांनी न वाचता सही केली आणि विचारलं, “डाग दिसेल का हो? चारचौघांत बरं नाही दिसत.”

ऑपरेशन साडेसात तास चाललं. डॉक्टर मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक दोऱ्यानं शिरा जोडत होते आणि मालन विद्युल्लतेचं बाकीचं अंग सांभाळत होती. अंग गार पडू नये म्हणून गरम हवेची चादर, टाच चेपू नये म्हणून मऊ गादी, तासातासाला लघवीचं माप. बाहेर भैयासाहेब दोनदा पोहे-जलेबी खाऊन आले आणि खुर्च्या कडक असल्याची तक्रार लिहून आले.

मग पहारा. दर तासाला फ्लॅपचा रंग, ऊब, बोटानं दाबून रंग परततो किती वेळात, हे पाहायचं. दोन दिवस सगळं गुलाबी होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मालन जेवायला गेली आणि धारहून भैयासाहेबांच्या आत्या, यमुनाबाई, भेटायला आल्या. वय ब्याऐंशी.

“आत्यासमोर पाय पसरून? शोभत नाही. खाली घे,” भैयासाहेब बायकोला म्हणाले.

“सिस्टरनं नाही म्हटलंय.”

“सिस्टर आपल्या घरचं वळण ठरवणार?”

त्यांनी स्वतःच्या हातांनी उशा काढल्या, पाय पलंगावरून खाली सोडला आणि चहा मागवला.

मालन परतली तेव्हा फ्लॅप जांभळा पडून टरारला होता. तिनं बोट दाबलं. उचलताक्षणी रंग परतला, नको इतक्या लवकर. सुई टोचली तर काळपट रक्त आलं. आत येणारं रक्त येत होतं, बाहेर जाणारं अडकलं होतं. तिनं पाय वर घेतला आणि डॉक्टरांना फोन लावला. “सर, शीर तुंबलीय. थिएटर उघडायला सांगते.”

“इतकं काय झालं? पाच मिनिटं तर पाय खाली होता,” भैयासाहेब म्हणाले.

“अर्धा तास होता रे,” यमुनाबाई बोलल्या. “आणि माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिचा पाय कुठं आहे हे मला दिसतंय कुठं? माझ्या नावानं कशाला पोरीचा पाय घालवतोस?”

शिरेत गुठळी झाली होती. ती काढून शीर पुन्हा जोडली. संध्याकाळपर्यंत फ्लॅप गुलाबी झाला. मालननं फाईलमध्ये लिहिलं: नातेवाइकाने पाय खाली सोडला. भैयासाहेब थेट मॅनेजरकडे गेले. मॅनेजरनं मालनला बोलावलं.

“एक लाईन है सिस्टर, हटा दो ना.”

“लाईन खरी आहे. सही माझी आहे.”

दुसऱ्या दिवसापासून तिला खाली इंजेक्शनच्या खोलीत बसवलं. असली माणसं सुईपेक्षा सहीला जास्त भितात, एवढंच ती मैत्रिणीला म्हणाली. धारमध्ये मात्र कथा पोचली ती अशी, की आपण वेळेवर हललो म्हणून पाय वाचला. सांगणारे अर्थात भैयासाहेब.

आठवडाभरानं पट्टी बांधून पाय थोडा थोडा खाली सोडायची वेळ आली. नवी नर्स गोंधळली. विद्युल्लता म्हणाली, “मालन सिस्टर आल्याशिवाय मी पाय हलवणार नाही.” भैयासाहेबांनी तोंड उघडलं. “तुम्ही बाहेर बसा,” ती म्हणाली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. असं ती पहिल्यांदाच बोलली, आणि ते खरोखर बाहेर जाऊन बसले. डॉक्टर अजेयनी मॅनेजरला एकच वाक्य सांगितलं: मालन वर नसेल तर मी असली ऑपरेशनं घेणार नाही. दुपारी ती वर होती.

घड्याळ लावून पाच मिनिटं पाय खाली. रंग पाहिला. वर. संध्याकाळी पुन्हा पाच.

पाच महिन्यांनी विद्युल्लतेचा धारहून फोन आला. “सिस्टर, आज शाळेत चालत गेले. थोडी लंगडते.”

“सूज?”

“संध्याकाळी येते.”

“दाबाचा मोजा घालतेस?”

“घालते.”

“मग ठीक,” म्हणून मालननं फोन ठेवला. खातेगावहून यंत्रात सापडलेला एक हात आला होता आणि त्याचे तीन काका पलंगाभोवती उभे राहून डॉक्टरी शिकवत होते.