वि म्हणजे विश्रांती

सकाळी धावून आली की ती आधी बूट काढायची नाही. दाराशेजारच्या भिंतीला दोन्ही तळवे टेकायची, एक पाय मागे ताणायची आणि भिंत अशी रेटायची की वाटावं, आज ही भिंतीला दोन हात मागे सरकवूनच आत येणार. मग पाय बदलायची. कपाळावर घाम वाळून मिठाची पांढरी रेघ उमटलेली असायची.

पहिल्या दिवशी मला वाटलं, हिला चक्कर आली. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावले. ती हसली. "अक्का, पोटऱ्या मोकळ्या करतेय."

मी फार बोलणारी बाई नाही. पण पुढे कधीतरी धीर करून मी विचारलं, "ताई, भिंत सरकली काय?"

"स्वल्प सरकली," ती म्हणाली.

स्वल्प हा शब्द तिनं माझ्याकडूनच उचलला होता. ती नागपूरची, मी निपाणीकडची. माझ्या मराठीत कानडी कुठून शिरते ते माझं मलाच कळत नाही. तिला तो शब्द आवडला. किती धावलात? स्वल्प. भूक लागली? स्वल्प. झोप झाली? स्वल्प. तेव्हापासून रोज सकाळी मी विचारायची, भिंत सरकली काय, आणि ती म्हणायची, स्वल्प सरकली. आमच्या दोघींचं दिवसाचं बोलणं पुष्कळदा एवढंच असायचं.

अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या उड्डाणपुलाखालून सकाळच्या बसनं जाताना खिडकीतून दिसतात. केस घट्ट बांधलेले, नजर समोर. आपण म्हणतो, काय हौस असते एकेकीला. मीही म्हणत होते. मी ताईंच्या घरी, सातव्या मजल्यावर, सकाळ-संध्याकाळ स्वयंपाक करायची. सकाळी सहाला मी पोहोचले की ती घराबाहेर असायची, आणि बाकीचं घर झोपलेलं.

फ्रिजवर तिचा एक कागद चिकटवलेला असायचा. महिन्याचे चौकोन आणि प्रत्येक चौकोनात एक अक्षर. आधी तो इंग्रजीत होता. मला तो वाचता येत नाही हे तिच्या लक्षात आलं आणि दुसऱ्या दिवशी तिनं तो मराठीत लिहून लावला. ह म्हणजे हळू. वे म्हणजे वेगात. लां म्हणजे लांब. वि म्हणजे विश्रांती. त्यावरून मी काय रांधायचं ते ठरायचं. लां असेल तर आदल्या दिवशी भात आणि बटाटा. वे असेल तर उसळ, अंडी. धावून आल्यावर प्यायला मी नाचणीची आंबील करून ठेवायची. ती उभ्यानंच घटाघटा प्यायची आणि म्हणायची, "अक्का, दुकानातल्या त्या पावडरींच्या तोंडात मारेल ही."

वि च्या दिवशी ती घरात असायची. त्या घरात सगळ्यात जास्त काम वि च्याच दिवशी असायचं.

तिच्या सासूबाईंना मी आजी म्हणायची. स्वभावानं गरीब बाई. त्या चष्मा पुसून कागद बघायच्या आणि म्हणायच्या, "बुधवारी वि आहे ना गं? मग माझ्या गुडघ्याचं बुधवारी दाखवून येऊ. तुझ्या पळण्यात माझी अडचण नको." दादा, म्हणजे तिचा नवरा, पुण्याचे. ते सगळ्यांना सांगायचे, "मी तिचं शेड्यूल बघूनच प्लॅन करतो. मी तिला कधी धावू नको म्हटलेलं नाही." आणि खरंच कधी म्हटलं नाही. पाहुणे वि ला यायचे. गॅस दुरुस्तीवाला वि ला यायचा. पडदे वि ला धुतले जायचे. मुलगी तेव्हा चौथीत होती. ती पेन्सिलनं थेट वि च्या चौकोनातच लिहायची, 'आई + मी पत्ते', 'आई + मी केक'. भोवती फुलं काढायची.

आणि मी? मला सुट्टी मागायला फार जड जातं. पण वि च्या दिवशी मागणं सोपं वाटायचं. ताई घरी आहेत, तेवढं बघतील. वर्षभर माझ्या सगळ्या सुट्ट्या मी वि वर काढल्या. ती दर वेळी म्हणायची, "सरी अक्का, जा." सरी, म्हणजे बरं, हाही माझाच शब्द.

तिला बेचाळीस किलोमीटरची शर्यत पुरी करायची होती. त्याआधी दोनदा तिनं तयारी केली होती. एकदा शर्यतीच्या सकाळी मुलगी तापानं फणफणली. एकदा आजी न्हाणीघरात घसरल्या. दोन्ही वेळा ती धावण्याच्या कपड्यांतच दवाखान्यात बसली. "शर्यतीच्या दिवशीच मी बेचाळीस वर्षांची होते, अक्का," ती म्हणाली. "बेचाळीसला बेचाळीस. या वेळी नाही झालं तर माझ्याच्यानं परत होणार नाही. मला माहीत आहे."

मी विचारलं, "कशाला एवढा जीव काढता?"

तिनं माझ्या परातीतल्या कणकेत बोट रुतवलं. मग म्हणाली, "तिथे मला कुणी हाक मारत नाही."

तेवढ्यात आतून तीन हाका आल्या. आजींची, मुलीची, दादांची. तिनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या आणि आम्ही दोघी हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

शर्यत दोन महिन्यांवर असताना मला दिसलं की ती भिंत एकाच पायानं रेटते. डावा पाय नुसता टेकवायची. चार दिवसांनी तिनंच मला बेडरूममध्ये बोलावलं, दार लोटलं आणि पाय पुढे केला. नडगीवर एक जागा सुजली होती. मी बोट लावलं तर तिनं ओठ चावला.

डॉक्टरांकडे ती ऑफिसातून परस्पर जाऊन आली होती. हाडाला चीर होती. केसाएवढी बारीक. तीन आठवडे पायावर भार नको, फार वेळ उभंसुद्धा राहायचं नाही. चीर भरली तर हळूहळू धावता येईल, शर्यतही जमेल. नाही भरली तर हाड मोडेल, मग धावणं विसरा.

"घरी सांगू नका अक्का. चीर म्हटलं की कायमचं बसवतील मला. मी फक्त एवढंच सांगते की तीन आठवडे बंद." तिनं पाय पलंगावर उचलून घेतला. "तुम्ही आहात ना, स्वयंपाकाचं बघायला. मी बसून राहते. बसून राहीन मी."

मी मान हलवली. तिच्या पायाला पट्टी बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर नवा कागद लागला. एकवीस चौकोन, एकवीस वि.

घरात सणाची बातमी यावी तसं झालं. मुलगी टाळ्या वाजवत नाचली. "एकवीस! आई एकवीस दिवस माझी!" ती लगेच पेन्सिल घेऊन बसली. आजी म्हणाल्या, "चला, आता जरा घर घरासारखं वाटेल. माझ्या बहिणीला बोलावून घेते, किती दिवसांची यायचं म्हणतेय." दादांच्या ऑफिसचे लोक कधीचे जेवायला यायचे राहिले होते, त्यांचा रविवार ठरला. संध्याकाळपर्यंत कागदावर पांढरी जागा उरली नाही. सगळं हौसेनं चाललं होतं. तिच्यावर जीव नसता तर कुणी इतकं लिहिलंच नसतं. ती खुर्चीत बसून बघत होती. एकदा म्हणाली, "अरे, जरा..." पण मुलगी गळ्यात पडली आणि पुढचं राहिलं.

चीर मला एकटीला माहीत होती. मी बोलायला हवं होतं. आणि मी काय केलं ते आता लिहिते.

माझ्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं होतं. आठ दिवस लागणार होते. मी कागदाकडे बघितलं. ताई तर एकवीस दिवस घरीच आहेत. माझ्या मनात आलं, धावायचं नाही म्हणजे झालं. चुलीपुढे उभं राहणं हे काय पायाचं काम आहे? आमच्याकडे बाई ओट्यापाशी उभी असली तर ती घरातच आहे, बसल्यासारखीच आहे असं धरतात. बाळंतीण उभी राहते, आजारी उभी राहते. उभं राहणं आम्ही कधी मोजलंच नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं मला पाठ होतं, तरी मी मोजलं नाही.

मी सुट्टी मागितली. तिनं माझ्याकडे बघितलं. आता काहीतरी म्हणेल असं वाटलं. मग म्हणाली, "सरी अक्का. जा. भाचीचं लग्न आहे."

"बदली बाई बघू काय?"

"आठ दिवसांसाठी कोण येतंय? जा तुम्ही."

मी आठ दिवसांनी परत आले तेव्हा ती ओट्यापाशी पोळ्या लाटत होती. डावा पाय उचलून उजव्या पोटरीला टेकवलेला, बगळ्यासारखा. बाहेर आजींच्या बहिणीचं बोलणं चाललं होतं. एका कोपऱ्यात मुलीच्या शाळेसाठी कागदावर चिकटवलेली पानं-फुलं, डब्यात दादांच्या ऑफिसच्या बारा माणसांच्या जेवणातली उरलेली भाजी. मी तिच्या हातातून लाटणं घेतलं. विचारलं, "ताई, विश्रांती झाली काय?"

"स्वल्प," ती म्हणाली.

त्या शब्दाला आम्ही दोघी त्या दिवशी हसलो नाही.

उरलेले दिवस मी तिला ओट्याकडे येऊ दिलं नाही. पण बाकीचं घर माझ्या हातात कुठे होतं? पट्टी बांधताना मला कळत होतं, सूज उतरलेली नाही. बाविसाव्या दिवशी सकाळी मी आले तर ती दारात बूट घालून उभी. घर झोपलेलं. तिनं फ्रिजवरचा कागद काढून चार घड्या करून ओट्यावर ठेवला होता.

"पुन्हा डॉक्टरांकडे गेलात काय?"

"गेले तर ते नाही म्हणतील." मग तिनं माझा हात धरला. असा कधी धरला नव्हता. "अक्का, घरात कुणाला विचारू शकत नाही. तुम्ही पाय बघितलाय. तुम्ही सांगा. जाऊ का? तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही जाणार."

आता दिवसभर मनात हेच चालतं की एक शब्द होता. नको. एवढासा. चौथीच्या मुलीलाही लिहिता येईल असा. पण मला वाटलं, मी कोण? स्वयंपाकाची बाई. हिची दोन वर्षांची मेहनत, आणि मीच आठ दिवस हिला चुलीपुढे उभं करून गेलेली. मी कुठल्या तोंडानं नको म्हणू? मी खाली बघितलं आणि म्हणाले, "तुमची मर्जी, ताई."

तिनं हात सोडला. "स्वल्पच जाऊन येते."

मी आंबील ढवळत बसले. अर्ध्या तासानं खालून रखवालदाराचा फोन आला. पुलाखालच्या रस्त्यावर ती बसून राहिली होती. एका रिक्षावाल्यानं तिला उचलून आणलं. पडली नव्हती. नुसता पाय टेकला आणि आवाज आला, असं तिनं नंतर सांगितलं. चुलीत घालायला काटकी मोडावी तसा.

पायात सळी घातली. घरचे सगळे रडले. दादा भिंतीला डोकं टेकून म्हणत होते, "मला सांगितलं का नाही? मला एक शब्द का नाही सांगितला?" आजी तिचे तळपाय चोळत बसायच्या. माझ्या मदतीला दुसरी बाईही मिळाली, जी आठ दिवसांसाठी मिळत नव्हती. फ्रिज कोरा झाला. आता सगळे तिला म्हणायचे, बसून राहा, उठू नकोस. आणि दर घटकेला कुणीतरी डोकावायचं. पाणी हवं का? उशी देऊ का? दुखतंय का?

चालता येईल, पण तसं धावणं आता नाही, असं डॉक्टर म्हणाले. ती सहा महिने खिडकीपाशी बसली. खालून धावणाऱ्या बायका दिसायच्या. एकदा मी आंबील नेऊन दिली तर म्हणाली, "अक्का, आता हाक मारायचीसुद्धा गरज राहिली नाही. मी इथेच असते." वाटी तशीच राहिली. साय धरली.

त्याच महिन्यांत शर्यतीचा दिवस आला आणि तिचे बेचाळीस पूर्ण झाले. मुलीनं केक केला. तिनं एक तुकडा खाल्ला आणि मुलीला म्हणाली, "छान झालाय." मुलगी हळूच म्हणाली, "आई, मी आता चौकोनात नाही लिहिणार. तू परत कागद लाव ना." ती मुलीच्या केसांतून हात फिरवत राहिली. कागद लावला नाही.

मग ते पुण्याला गेले. निघताना ती दारात थांबली, काठी टेकून. मी किती दिवस घोकून ठेवलं होतं. "ताई, त्या लग्नाला मी..."

"भाची सुखात आहे ना?" तिनं मधेच विचारलं.

"हो."

"मग झालं." आणि लिफ्टकडे गेली.

घरमालकानं मला घर पुसून ठेवायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी रंगवाला आला. दाराशेजारच्या भिंतीवर खांद्याएवढ्या उंचीवर दोन तळव्यांचे डाग होते. घामाचे, धुळीचे, कितीतरी सकाळींचे. बोटंसुद्धा मोजता येत होती. बाकीची भिंत मी पुसली. तिथे फडकं लावलं नाही. फडकं खाली ठेवलं आणि माझे दोन हात त्या डागांवर टेकवले. जोर लावला. डावा पाय मागे ताणला, मग उजवा. भिंत भिंतीसारखीच राहिली.

रंगवाला ब्रश घेऊन मागे उभा होता. बिचारा बराच वेळ थांबला असेल. मग म्हणाला, "अक्का, स्वल्प साइड बिडी." म्हणजे थोडं बाजूला व्हा.

मी सरकले.