शब्द सरांचे, रेकॉर्डिंग माझं

सीडीवाले सर व्याख्यानाच्या सुरुवातीला कधी नमस्कार करायचे नाहीत. माइकसमोर उभे राहायचे, चष्मा पुसायचे आणि थेट विचारायचे, "मोबाइलवर ‘मान्य आहे’ असं बटण येतं. ते दाबण्याआधी वर काय लिहिलंय ते इथे कुणी वाचलंय?" एकही हात वर यायचा नाही. "म्हणजे आपण सगळे न वाचता सही करणारे," असं म्हणून ते सुरू व्हायचे. एकदा शनिवार पेठेतल्या एका सभागृहात पहिल्या रांगेतले आजोबा बसल्या जागेवरून म्हणाले, "अहो, या सभागृहाच्या नियमांवर तुम्हीही सही करून आलायत. चपला बाहेर काढायच्या असतात." सरांनी आपल्या पायांकडे पाहिलं, खाली उतरले, चपला दाराबाहेर ठेवून अनवाणी परत आले आणि सव्वा तास बोलले. चूक कळली की लाजायचं नाही, सुधारायची, असा माणूस. निदान तेव्हा तरी.

मी लाउडस्पीकरवाला. शिक्षण चौथी, तेही मास्तरांनी ढकललं म्हणून. घर खडकीला, दुकान शनिवार पेठेत. सर इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवायचे आणि सुटीच्या दिवशी वारज्याहून स्कूटरवर येऊन गावभर व्याख्यानं द्यायचे. विषय एकच: मुक्त सॉफ्टवेअर आणि कॉपीराइट. खांद्याच्या पिशवीत सीड्यांची चळत असायची. कॉम्प्युटर चालवायची अख्खी प्रणाली त्या सीडीवर, आणि ती ते येईल त्याच्या हातात ठेवायचे. "फुकट आहे म्हणून घेऊ नका," ते बजावायचे, "उघडून बघता येते म्हणून घ्या." पुढे सीड्या गेल्या, पेन ड्राइव्ह आले. नाव मात्र सीडीवाले सर हेच राहिलं.

आमची ओळख झाली ती माझा अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला तेव्हा. सभागृह भरलेलं आणि आवाज नाही. मी खाली बसून पेटी उघडली, सुटलेला सांधा डागला. सर शेजारी उकिडवे बसून बघत होते.

"तुम्ही हे कुणाला विचारून उघडलंत?" त्यांनी विचारलं.

"विचारायचं कुणाला? माझा आहे."

सरांनी माझं नाव विचारलं, व्यासपीठावर गेले आणि माझं ते वाक्य जसंच्या तसं लोकांना ऐकवलं. "आमचे दत्तोबा म्हणतात, माझा आहे, मी उघडणार. मी आज एवढंच सांगायला आलोय, आणि त्यांनी ते माझ्याआधी सांगून टाकलं." त्यानंतर मी कित्येक वर्षं ते वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं. दर वेळी माझ्या नावासकट. खोटं कशाला बोलू, दर वेळी माझी मान ताठ व्हायची.

कार्यक्रम संपला की संयोजक वक्त्याला श्रीफळ देतात. सर ते हातात घ्यायचे नाहीत. "दुसरं कुठाय? आवाज काय आपोआप आला?" असं विचारायचे. संयोजक ओशाळून नारळ शोधायला धावायचे. पुढे पुढे सगळ्यांना सवयच झाली, सर असले की दोन नारळ आणायचे. माझ्या बायकोने एकदा त्यांना तोंडावर सांगितलं, "भाऊजी, आता शाल द्यायला सांगा, खोबऱ्याच्या वड्या करून हात दुखले." सर खदखदून हसले आणि त्याच वड्या डब्यात घालून घेऊन गेले.

रेकॉर्डिंग मी सुरू केलं ते माझ्यासाठी. आवाज कुठे फाटतोय, कुठे घुमतोय ते घरी जाऊन ऐकायचो. आधी टेपवर, नंतर खिशात मावेल अशा यंत्रावर. पण सरांचं बोलणं असं, की आवाज तपासायला बसायचो आणि बोलण्यात अडकायचो. दुकानात वायरी डागताना मी तेच लावून ठेवायचो. न शिकलेल्या माणसाला हे कळतं का, असं काही जण विचारायचे. कळतं. वस्तू विकत घ्यायची आणि किल्ली दुकानदाराच्या खिशात ठेवायची, यात न कळण्यासारखं काय आहे?

मी रेकॉर्डिंग करतो हे सरांना कळलं तेव्हा त्यांनी पुढच्याच व्याख्यानात तो मुद्दा घेतला. म्हणाले, "भाषणातले शब्द माझे. पण दत्तोबांनी यंत्रात जे उतरवलंय ते ध्वनिमुद्रण त्यांचं. कायदा असंच सांगतो. म्हणजे हे जगाला द्यायचं तर मला एकट्याला देता येणार नाही. माझी तर हरकत नाही. दत्तोबा, तुमचं काय?" सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. माझ्यासमोर चाचणीचा माइक होता. त्यात मी म्हणालो, "माझीही नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी संमती माइकवर मागितलेली ती आयुष्यातली पहिली वेळ. लग्नातही कुणी विचारलं नव्हतं.

माझ्या सुनेने इंटरनेटवर पान काढून दिलं. जवळजवळ साठ व्याख्यानं एकेक करून चढवली. प्रत्येकाखाली दोन ओळी: व्याख्यान सरांचं, ध्वनिमुद्रण दत्तोबांचं, ऐका आणि पुढे द्या. चंद्रपूरकडच्या एका शाळामास्तरांचा फोन यायचा, वर्गात लावतो म्हणून सांगायचे. असं बारा वर्षं चाललं.

मग एका सकाळी सून मोबाइल घेऊन आली. "बाबा, पान बंद केलंय त्यांनी. सगळंच गेलं."

"कुणी?"

"हक्कदाराने तक्रार केली, असं लिहिलंय." तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. "तक्रार सरांच्या नावाने आहे."

मी म्हटलं, नाव वापरून कुणीतरी चोरी केली असणार. सरांना सावध करायला म्हणून फोन लावला. त्यांनी उचलला नाही. दिवसभर उचलला नाही. तरीही, सांगायला लाज वाटते, पण मला त्यांचीच काळजी वाटत होती.

तिसऱ्या दिवशी ते स्वतः दुकानात आले. हातात पाकीट. मी चहा सांगितला. त्यांनी पाकीट माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "एक छोटी सही हवी होती, दत्तोबा. औपचारिकता आहे."

तीन पानं होती, मराठीत. मी चष्मा लावला. मला वाचायला वेळ लागतो, बोट ठेवून वाचतो. सर म्हणाले, "अहो, एवढं वाचण्यासारखं काही नाही त्यात." मी मान वर केली नाही. पहिल्या पानावर कळलं, की मोबाइलवर पैसे भरून अभ्यासक्रम शिकवणाऱ्या एका कंपनीला सरांनी आपली सगळी व्याख्यानं दिली होती, झालेली आणि होणारी. दुसऱ्या पानावर माझं नाव होतं. ध्वनियंत्रणा चालवणाऱ्या इसमाने वक्त्याच्या सूचनेवरून, रोजंदारीवर ध्वनिमुद्रण केले असून त्यावर त्याचा कोणताही हक्क कधीही नव्हता.

मी ते दोनदा वाचलं. मग विचारलं, "सर, मी तुमच्या सूचनेवरून रेकॉर्डिंग केलं?"

"वकिली भाषा असते हो ती."

"तुम्ही सूचना केली होती का?"

"नाही."

"मग हा इसम कोण?"

त्यांनी चहाचा कप जवळ ओढला. मी म्हटलं, "तुम्ही हे वाचलंत का?"

"चाळलं," सर म्हणाले.

त्यांनी कप उचलला, परत ठेवला. मग समजावणीच्या सुरात बोलायला लागले. "वय झालं माझं. हे सगळं तुमच्या पेटीत नाहीतर माझ्या कपाटात पडून राहणार. ते लोक साफसूफ करतील, नीट जपतील. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये पंखे ऐकू येतात, दत्तोबा."

"पंखे होते म्हणून ऐकू येतात."

"जुन्या प्रती इंटरनेटवरून काढून टाकायची अट होती त्यांची. मी काय करणार?"

"मला विचारायचं. विचारलं असतंत तर एका शब्दात दिलं असतं."

"नसतं दिलंत," ते म्हणाले. "तुम्ही नाही म्हणाला असता. म्हणून तर नाही विचारलं."

हे खरं होतं. मी नाहीच म्हणालो असतो. पण नाही म्हणायचा माझा हक्क मला ज्यांनी शिकवला, त्यांनीच तो मला न सांगता परस्पर मोडीत काढला. मी पानं घडी करून पाकिटात घातली आणि परत दिली. सही केली नाही.

"फार हट्टी आहात," सर उठता उठता म्हणाले.

"आहे," मी म्हटलं.

सही नाही म्हणून कंपनीचं काही अडलं नाही. त्यांनी सरांना थंडगार खोलीत बसवून सगळं नव्याने बोलून घेतलं. सुनेने पैसे न भरता मिळतो तेवढा तुकडा मला ऐकवला. आवाज स्वच्छ आहे, नाही कसं म्हणू? फक्त त्यात समोर कुणी बसलेलं नाही. चंद्रपूरच्या मास्तरांनी फोन करून विचारलं, "दादा, पान सापडत नाही." मी म्हटलं, "सापडणार नाही." कारण सांगितलं नाही. सरांची बदनामी माझ्या तोंडून व्हायला नको होती. दुकानातल्या कॉम्प्युटरवर आजही त्यांनी स्वतः घालून दिलेली प्रणाली चालते. तिने माझं काही वाईट केलेलं नाही.

मध्यंतरी त्यांचं व्याख्यान होतं, माझ्या दुकानापासून चार पावलांवर. ध्वनिव्यवस्था दुसऱ्याची. मी गेलो. व्याख्यान सार्वजनिक होतं, कुणाची परवानगी लागत नव्हती. शेवटच्या रांगेत बसलो. दहा-बारा मिनिटं झाली असतील, सरांच्या शर्टाला लावलेला तो बारीक माइक खरखरला आणि बंद पडला. यंत्रावरचा पोरगेलासा माणूस बटणं दाबत सुटला. संयोजक वाकून माझ्यापाशी आले. "दत्तोबा, जरा बघता का?"

"माझं काम नाही ते."

सरांनी मला पाहिलं. मी नजर हलवली नाही, जागचाही हललो नाही. क्षणभर त्यांना वाटलं असावं की मी उठेन. मग त्यांनी तो माइक शर्टावरून काढून टेबलावर ठेवला आणि तसंच बोलायला लागले. त्यांचा आवाज आता पूर्वीचा नाही, चौथ्या रांगेपलीकडे पोचेना. मागचे लोक एकेक करून उठले. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. पण सरांचा उजवा हात वर गेला की कुठला मुद्दा आला, ते खाली बघून थांबले की त्यानंतर काय येणार, सगळं मला कळत होतं. माझ्या रांगेत मी एकटा उरलो तरी शेवटपर्यंत बसून राहिलो.