क्वार्टर्समधला दिवाळसण

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मध्यस्थांनी आमच्या आप्पांना सांगितलं होतं, "मुलगा मद्रासला सरकारी नोकरीत आहे, खाकी वर्दी आहे, राहायला क्वार्टर्स आहेत." अम्माने त्याचा अर्थ पोलीस असा घेतला. मुलगा फायर स्टेशनात फायरमन आहे हे कळलं तेव्हा साखरपुडा होऊन गेला होता, आणि तंजावरच्या आमच्या मराठी गल्लीत दिलेला शब्द मागे घ्यायची रीत नव्हती. मला स्वतःला त्याचं काही वाटलं नव्हतं. भीती काय असते ते क्वार्टर्समध्ये राहायला आल्यावर कळलं.

फायर स्टेशन उत्तर मद्रासमध्ये होतं, कालव्यापासून फार लांब नाही. मागच्या अंगाला क्वार्टर्सची बैठी रांग. पुढे स्टेशनात बेल वाजली की आमच्या स्वयंपाकघरातली भांडी थरथरायची. बायका हातातलं काम तसंच ठेवून दारात यायच्या आणि गाडीवर कोण कोण चढलं ते बघायच्या. ज्यांची माणसं गेली त्या दारातच उभ्या राहायच्या, बाकीच्या आत वळायच्या. पहिल्याच आठवड्यात मीही तशीच उभी राहायला शिकले.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. लग्नानंतरची पहिली दिवाळी, म्हणजे दिवाळसण. जावयाने सासुरवाडीला जायचं, तिथे सासूच्या हातचं अभ्यंग घ्यायचं, नवं वेष्टी-उपरणं, म्हणजे धोतर-उपरणं, नेसायचं. पण फायर सर्व्हिसमध्ये दिवाळीत कुणालाच रजा मिळत नाही. नदीकाठी, कालव्याकाठी माडाच्या झापांच्या झोपड्या, आणि आकाशात पेटती रॉकेटं. एक झाप पेटला की वारा बाकीचं काम करतो. मद्रासमध्ये दिवाळीला बहुधा पाऊस असतो आणि लोक त्याला शिव्या देतात. आमच्या रांगेतल्या बायका मात्र पाऊस पडावा म्हणून देवाला नारळ बोलायच्या. त्या वर्षी तो आलाच नाही. झाप वाळून कुरकुरीत झाले होते.

"जावई येऊ शकत नाहीत तर आम्ही येतो," असं आप्पांनी कळवलं, आणि दोघं आदल्या दिवशी रेल्वेने आली. अम्माने तिळाचं तेल, दिवाळीचं लेहियम म्हणजे पचनाचं चाटण, चकल्या, जावयासाठी वेष्टी, सगळं तंजावरहून बांधून आणलं होतं. आप्पा तालुका कचेरीतून कारकून म्हणून रिटायर झालेले, हळू बोलणारे. ते स्टेशनच्या आवारात जाऊन लाल गाडी बघून आले आणि मला म्हणाले, "गाडी चांगली ठेवलीय." दुसरं काय बोलावं हे त्यांना सुचलं नसावं.

नरकचतुर्दशीच्या पहाटे ह्यांची ड्यूटीच होती, पण स्टेशनच्या साहेबांनी क्वार्टर्समधल्या लोकांना पाळीपाळीने स्नान उरकून यायची मोकळीक दिली होती. हे पाटावर बसले. मी ओवाळलं. अम्माने तेल कोमट करून ह्यांच्या डोक्यावर घातलं, भरपूर, जावयाचं कौतुक म्हणून वाटीतलं जवळजवळ सगळंच. तेल कपाळावरून ओघळायला लागलं तशी अम्मा हसून म्हणाली, "डोळे मिटा हो."

तेवढ्यात बेल झाली.

हे पाटावरून उठले आणि धावले. जाता जाता खुंटीवरची खाकी शर्ट-पँट ओढली, डोकं पुसायलाही थांबले नाहीत. मी दारात पोचले तोवर गाडी फाटकाबाहेर वळली होती. मागे वळून पाहिलं तर अम्मा वाटी घेऊन तशीच उभी.

"तेल पेट घेतं ना गं?" तिने विचारलं.

"डोक्यावर हेल्मेट असतं, अम्मा."

"हेल्मेटच्या आत तेलच आहे ना?"

खरं तर माझ्याही मनात तेच आलं होतं.

शेजारच्या घरातली तमिळ अक्का येऊन आमच्या पायरीवर बसली. तिचा नवरा त्याच गाडीवर होता. इतर दिवाळ्यांना सकाळी जो भेटेल तो "गंगास्नानं आच्चा?" विचारतो, म्हणजे अभ्यंग झालं का. त्या सकाळी रांगेतल्या कुणीही आमच्या दारावरून जाताना ते विचारलं नाही. अम्माला घरात काहीतरी करायला हवं होतं म्हणून तिने देवापुढे निरांजन लावलं. त्या एवढ्याशा ज्योतीकडे बघून मला धडकी भरली. सणाच्या दिवशी दिवा मालवणार कसा? मी पदर आवळून त्याच्यासमोर बसून राहिले, जणू मी तिथून हलले तर तो घर जाळणार होता. आप्पा माझ्या शेजारी येऊन बसले.

उजाडलं तेव्हा कालव्याच्या दिशेला काळा धूर दिसायला लागला. आधी उदबत्तीसारखा, मग जाड. पुन्हा बेल झाली आणि दुसरी गाडी निघाली, तीही त्याच बाजूला. अक्काने माझा हात धरला. एका आगीला दोन गाड्या लागल्या म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बऱ्याच वेळाने पहिली गाडी परत आली, पाणी भरून घ्यायला. आम्ही दोघी धावलो. अक्काचा नवरा गाडीवर होता, तोंड काजळीने काळं, पण होता. हे नव्हते. मी एकेका चेहऱ्याकडे बघत गेले आणि एकेकजण नजर खाली घालत गेला.

"वरुवार," ड्रायव्हर म्हणाला. येतील.

"कुठे आहेत?"

तो पाणी भरायला वळला. अक्काने नवऱ्याला बाजूला घेतलं आणि परत येऊन मला खरं ते सांगितलं. "झोपड्यांच्या आत पाण्याचा होस घेऊन गेले होते. बाहेर सगळ्यांची हजेरी घेतली तेव्हा ते नव्हते. शोधतायत."

आप्पा मागेच उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. आयुष्यात कधी घाईने न चाललेला माझा बाप रस्त्यावर धावत गेला आणि सायकल रिक्षा घेऊन आला. अम्माला अक्काजवळ ठेवलं. "जावयांना न्यायला चाललोय," एवढंच आप्पांनी तिला सांगितलं. रिक्षात त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. वाटेत पोरं फटाके लावत होती, आणि प्रत्येक आवाजाला आम्ही दोघं एकदमच दचकत होतो.

तिथे पोचलो तर झोपड्यांच्या जागी काळे वासे उभे होते आणि जमिनीतून वाफ येत होती. लोक रस्त्यावर भांडी, गाठोडी घेऊन बसले होते. कित्येकांच्या अंगावर नवे कपडे होते, शकुनाचं हळदीचं बोट लावलेले. कुणी रडतही नव्हतं. मी दिसेल त्या खाकी शर्टामागे धावत होते. साहेब भेटले, त्यांचा आवाज ओरडून बसला होता. ते आप्पांना म्हणाले, "माणसं आत शोधतायत. तुम्ही तिला इथून घेऊन जा."

रस्त्यावर बसलेल्या एका म्हातारीने माझा पदर ओढला. "एक फायरवाला तिकडे कालव्यापाशी बसलाय," ती तमिळमध्ये म्हणाली. "विचारलं तर बोलत नाही."

झोपड्यांच्या मागून, कचऱ्याच्या ढिगांवरून आम्ही कालव्याच्या काठाला उतरलो. हे चिखलात बसले होते, कमरेपर्यंत काळे, डोक्यावर हेल्मेट नाही, डोळे सुजून लाल. मी समोर जाऊन उभी राहिले तरी त्यांना मी ओळखू येत नव्हते. मग माझा आवाज ऐकून ते आमच्या घरच्या मराठीत म्हणाले, "मला उठता येत नाही."

"भाजलंय का? मोडलंय का काही?"

"नाही. पाय हलत नाहीत."

मी त्यांना ओढायला वाकले, तर आप्पांनी मला थांबवलं. त्यांनी चपला काढल्या, आणि सणाची कोरी वेष्टी नेसलेले माझे वडील त्या घाणीत ह्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"नका उठू," ते म्हणाले. "बसू थोडा वेळ."

मग हे हळूहळू बोलले. धुरात रस्ता चुकू नये म्हणून होस धरूनच आत जायचं आणि होस धरूनच बाहेर यायचं असतं. पण आतल्या धगीने डोक्यावरचं तेल पातळ होऊन डोळ्यांत उतरलं. डोळे चुरचुरले म्हणून ते पुसायला हात सोडला, आणि पुन्हा होस हाताला लागला नाही. वरून झाप पडायला लागले. डोकं तापलं तशी आता तेल पेटणार, एवढाच विचार मनात राहिला. हेल्मेट फेकलं आणि वाट फुटेल तिकडे धावले, ते थेट कालव्यात पडले. काठावर आले, आणि तिथे बसल्यावर पायांतलं सगळं बळच गेलं. मागून कुणी हाका मारत असलं तर त्यांना ऐकू आलं नव्हतं.

"मी पळालो," ते म्हणाले.

"वाचलात," आप्पा म्हणाले.

थोड्या वेळाने ते आप्पांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले. साहेबांनी त्यांना पाहिलं आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग आम्हाला गाडीतून हॉस्पिटलला पाठवलं. तिथे डोळे धुऊन औषध घातलं. घरी यायला निघालो तेव्हा हे म्हणाले, "अम्मांना तेलाचं सांगू नका."

अम्मा दारातच होती. जावयाला पाहिल्यावर तिने आधी त्यांचं डोकं चाचपलं. "तेलाने काही झालं नाही ना?"

"तेल होतं म्हणून केस वाचले," हे म्हणाले.

अम्मा खाली बसली आणि तिने सकाळपासून पहिल्यांदा पाणी मागितलं. पुढे तंजावरला ती कित्येक वर्षं सगळ्यांना सांगायची, माझ्या तेलाने जावयाचे केस राखले. आप्पा समोर बसून ऐकायचे आणि मान हलवायचे.

साहेबांनी ह्यांना त्या दिवशी घरी राहायला सांगितलं होतं. दुपारी जेवून हे चटईवर पडले होते, तेवढ्यात पुन्हा बेल झाली. हे ताडकन उठून बसले, दाराकडे बघितलं, आणि तिथेच राहिले. गाडी गेल्याचा आवाज विरला तरी त्यांनी चटईची कड दोन्ही मुठींत घट्ट धरलेली होती. मी ते लपवायला त्यांच्यापुढे ताकाचं भांडं ठेवलं, पण आप्पांनी पाहिलं होतं.

"माझे एक ओळखीचे आहेत, गुम्मिडिपूंडीला कारखान्यात," आप्पा चाचरत म्हणाले. "ऑफिसात जागा निघेल. विचारू का?"

ह्यांनी ताकाचं भांडं बाजूला सारलं. मग म्हणाले, "आज विचारू नका, आप्पा. आज विचारलंत तर मी हो म्हणेन."

आप्पांनी नंतर तो विषय कधीच काढला नाही. मी मात्र रात्रंदिवस वाट पाहत होते की त्यांनी काढावा. दुसऱ्या दिवशी सकाळी हे ड्यूटीवर गेले. त्यांनी साहेबांना पाय गोठल्याचं जसं घडलं तसं सांगितलं. साहेब म्हणाले, "पुढचे काही दिवस माझ्या मागे राहा." पुढच्या आगीला हे गेले आणि होस धरून परत आले. गाडी परत येईपर्यंत मी दारातच उभी होते.

अम्मा-आप्पांना सोडायला एग्मोर रेल्वे स्टेशनावर मी एकटीच गेले होते. गाडी सुटायच्या आधी अम्मा खिडकीतून म्हणाली, "पोंगलला तू तरी ये. तिथे तुला भीती तरी वाटायची नाही."

"तिथे बेल ऐकू येत नाही, जास्त वाटेल," मी म्हटलं. तिला ते पटलं नाही. गाडी हलली तसा आप्पांनी खिडकीतून हात बाहेर काढला. मी चालत चालत प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत गेले.

बसने घरी आले तेव्हा हे मागच्या नळावर बसून खाकी पँट घासत होते. कालव्याचा चिखल जात नव्हता. मी पदर खोचला, त्यांच्या हातातला ब्रश घेतला आणि दुसऱ्या बाजूने घासायला लागले. ते पाणी ओतत होते. गुडघ्यांवरचे डाग गेलेच नाहीत, आणि नवी वर्दी मिळेपर्यंत ते तीच पँट घालून गाडीवर चढत राहिले.