आई सरपंच राहिली

आमच्याकडे सरपंच थेट लोकांतून निवडला गेला, म्हणून तसं घडलं. आई निवडून आली आणि तिच्या पॅनलचा एक सदस्य सोडला तर बाकी सगळे पडले. पडलेल्यांत माझे काका होते. वडील गेल्यावर आम्हाला त्यांनीच सांभाळलं. आईला उभं करायचं त्यांनीच ठरवलं होतं.

निकाल ऐकून वसमतहून आम्ही जीपमधून परतत होतो. कुरुंद्याच्या अलीकडे आईनं गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी काका आले. चहा घेतला नाही.

"वैनी, राजीनामा देऊन टाका. आपले सगळे पडले. त्यांच्या मधात एकट्या बसून काय करणार तुमी?"

"मंग लोकायनं मला काहून निवडून दिलं?"

"मी दारोदार फिरलो म्हणून."

"व्हय, भाऊजी. ते बराबर हाय," आई म्हणाली. "पण राजीनामा न्हाई देणार मी."

काका उठून गेले. पुन्हा आमच्या घरी आले नाहीत.

मासिक सभेला विरोधातले सदस्य येतच नसत. आई ग्रामसेवकासमोर बसून राही आणि मग सभा तहकूब होई. तहकूब झालेल्या सभेला कोरम लागत नाही, हे तिला नंतर कळलं. तशाच एका सभेत, आपल्या एकुलत्या सदस्याला सोबत घेऊन, तिनं आमच्या बौद्धवस्तीची पाइपलाइन मंजूर केली. घरोघरी नळ आले. काकूनंही घेतला. काका मात्र शाळेजवळच्या हापशावरूनच पाणी आणत. घागर खांद्यावर घेऊन ते आमच्या दारावरून जायचे, तेव्हा आई हातातलं काम थांबवून उभी राहायची. ते मान वळवत नसत.

हळद शिजवायच्या दिवसांत ते शेतातच कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

ग्रामपंचायतीत शोकसभा झाली. ज्यांनी काकांना पाडलं होतं ते सगळे आले. आईच्या समोरच्या खुर्च्या पहिल्यांदाच भरल्या होत्या. ती बोलायला टेबल धरून उभी राहिली आणि न बोलताच बसली. त्यांच्यातल्याच उपसरपंचानं उठून तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

घरी आल्यावर तिनं मला विचारलं, "खुर्ची सोडली असती तर बोलले असते का गं माझ्याशी?"

"काय माहीत," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडी बदलून ती कार्यालयात गेली. मी तिला जाऊ नको म्हणाले नाही.