तातू मेस्त्रीचं पाखरांचं टेबल

तातू मेस्त्री पाखरांच्या आधी कधी जेवला नाही. डबा उघडला की पहिली मूठ भात उचलायचा, वर्कशॉपमागच्या अंगणात जायचा आणि तिथल्या टेबलावर तो भात मोकळा करून पसरायचा. एखादा बुलबुल येऊन चोच मारेपर्यंत मागे उभा राहायचा आणि मगच स्वतः घास घ्यायचा. आमचं जेवण दहा मिनिटांत उरकायचं, ह्याची सुरुवातही झालेली नसायची. "आदी तेंका, मगे आमका," एवढंच त्याचं म्हणणं.

मी सत्त्याहत्तर साली बहरीनला गेलो. तुबलीत खाडीच्या कडेला आमच्या बांधकाम कंपनीचं सुतारकामाचं वर्कशॉप होतं, आणि त्याला लागून ड्रॉइंगची खोली. मी पुण्याचा ड्राफ्ट्समन, त्यामुळे सगळ्या जगाला अक्कल शिकवायची सवय जन्मजात. तातू कुडाळकडचा, पन्नाशीला टेकलेला, काटकुळा. कानावर कायम पेन्सिल. मला तो 'सायबानू' म्हणायचा. मी त्याला सरळ तातू म्हणायचो, वयाचा विचार न करता. आज त्याची लाज वाटते.

पाखरांचं टेबल त्याने स्वतः केलेलं होतं. पॅकिंगच्या खोक्याचं प्लायवूड, दाणे उडू नयेत म्हणून चारी बाजूंनी बोटभर पट्टी, खाली एकच लोखंडी पाइप, आणि मांजर चढू नये म्हणून पाइपावर उपडं ठोकलेलं पत्र्याचं डबडं. वर खजुराच्या झावळ्यांची सावली. पण खरी करामत वेगळीच होती. बोरीच्या फांदीला त्याने तेलाचा रिकामा डबा टांगला होता आणि त्याच्या बुडाला खिळ्याने एक बारीक भोक पाडलं होतं. त्यातून थेंब थेंब पाणी खालच्या परातीत पडत राहायचं. टप्... टप्... दिवसभर.

"पाखरां दाण्याक येनत नाय सायबानू," तो म्हणायचा, "पाण्याच्या आवाजाक येतत. ह्या वाळवंटात दाणो खंयय गावता. आवाज गावना नाय."

आणि खरंच, यायची. होले, चिमण्या, साळुंख्या, पांढऱ्या गालांचे बुलबुल. हिवाळ्यात शेपटी हलवत परीट यायचे. तातू टेबलापाशी उभा राहिला की बुलबुल त्याच्या मनगटावर बसून खायचे. कंपनीचा बहरीनी ड्रायव्हर त्याला 'अबू तुयूर' म्हणायचा, म्हणजे पाखरांचा बाप. पण ह्या बापाचं लक्ष मनगटावरच्या पाखराकडे कधीच नसायचं. तो कुंपणाच्या भिंतीवरून लांब आकाशात बघत असायचा, स्टेशनावर कुणाला घ्यायला आलेल्या माणसासारखा.

"कुणाची वाट बघतोस रे?" मी एकदा विचारलं.

"कावळ्याची."

मी हसलो. तो हसला नाही. "सगळा गावता हंय. फ्रीज गावता, एसी गावता, पन कावळो मफी," तो म्हणाला. मफी म्हणजे तिकडच्या अरबीत 'नाही'. माझ्या लक्षात आलं की गेल्या कित्येक महिन्यांत मीही कावळा पाहिला नव्हता. आपल्याकडे ज्याला दिवसातून दहा वेळा हाकलतो, तो इथे नव्हता, हे मला त्याने सांगेपर्यंत जाणवलंच नव्हतं.

मग हळूहळू कळलं. मी यायच्या आदल्या वर्षी त्याची आई गेली होती. तिला चिऱ्याचं घर बांधून द्यायचं म्हणून त्याने दोनदा लीव्ह पुढे ढकलली होती. तिच्या प्रत्येक पत्रात एकच मागणं असायचं, घर राहू दे, तू येऊन जा. घरावर कौलं चढली त्याच महिन्यात ती गेली. कळवणारं पत्र ह्याला मिळालं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. भावाने लिहिलं होतं की पिंडाला कावळा शिवला नाही. लोकांनी दोन तास वाट पाहिली, नाही नाही ती वचनं दिली, आणि शेवटी दर्भाचा कावळा करून वेळ निभावली.

"तिका माका बघूचा होता," तातू म्हणाला. "ता खंयच्या दर्भान भागतला?"

त्यानंतर तो गावी गेलाच नाही. लीव्ह साठत गेली. कुठल्या तोंडाने त्या घरात पाय ठेवू, म्हणायचा. त्याऐवजी त्याने हे टेबल केलं. बहरीनमध्ये कधीतरी, एखाद्या बोटीवर बसून का होईना, एक कावळा येईल, इथे शिवेल, आणि आई सुटेल, असा त्याचा हिशोब होता. मी त्याला शहाणपण शिकवायला गेलो नाही असं नाही, पण तो ऐकून घ्यायचा आणि परातीत पाणी भरायला जायचा.

दरवर्षी पितृपक्षात आईच्या तिथीला तो मनामाच्या बाजारातून केळीचं पान आणायचा, सकाळी सहाच्या आत आंघोळ करून त्यावर भात, वडे, खीर वाढायचा आणि पान टेबलावर ठेवायचा. पहिल्या वर्षी मी नुसती गंमत बघायला गेलो होतो. गेलो आणि माझी गंमत जिरली.

पाखरं आली होती. रोजच्यापेक्षा जास्त. पण टेबलावर एकही नव्हतं. कुंपणाच्या भिंतीवर सगळी ओळीने बसली होती, होल्याशेजारी साळुंखी, साळुंखीशेजारी चिमणी. भांडण नाही, चिवचिव नाही. सगळ्यांची तोंडं पानाकडे. वर्कशॉपचं मांजरसुद्धा दारात बसून होतं आणि पाखरांकडे ढुंकून बघत नव्हतं. आवाज फक्त डब्यातल्या पाण्याचा. टप्... टप्...

तातू हात जोडून म्हणाला, "येतंय गो आये. म्होरल्या वर्साक येतंय."

एक पीस हललं नाही. उन्हं वर आली, भात वाळला, पान कडेने वळलं. दुपारी त्याने पान उचलून खाडीत सोडलं. त्यानंतर मूठभर साधा भात टाकला तर सगळी पाखरं धावून आली.

उकाड्यामुळे असेल, तळणाच्या वासामुळे असेल, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या वर्षी मुद्दाम पाहिलं. तिसऱ्याही वर्षी. तीच भिंत, तीच ओळ. चौथ्या वर्षापासून मी त्या दिवशी खिडकीचा पडदा लावून काम करायला लागलो. पण थेंबाचा आवाज पडद्याला थोडाच अडतो!

तातूचं आणखी एक काम होतं. आपल्यापैकी कुणी तिकडे वारलं, की मृतदेह घरी पाठवायची पेटी तो करायचा. कागदपत्रं झाली की पेटीला वेळ नको म्हणून एक पेटी कायम तयार असायची, वर्कशॉपच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली. कडा इतक्या गुळगुळीत घासलेल्या की हाताला कुसळ लागू नये. "कोनाच्या तरी आवशीकडे जाताहा ती," तो म्हणायचा. "खडबडीत कशी धाडू?"

माझी आई पुण्यात होती. तिची पत्रं माझ्या ड्रॉइंग टेबलाच्या खणात पडून असायची. प्रत्येक पत्रात तेच, कधी येतोस. माझं उत्तरही तेच, हे प्रोजेक्ट संपू दे. प्रोजेक्टं काय, एक संपलं की दुसरं उभंच असतं. तातू आठवड्यातून एकदा तरी विचारायचा, "आवशीचा पत्र इला काय?" हो म्हटलं की म्हणायचा, "तर मगे जावक नको?" मी इंशाल्ला म्हणून टाळायचो. त्या एका शब्दाने आम्ही किती गोष्टी टाळल्या!

त्र्याऐंशी सालची तिथी. त्या दिवशी माझं डोकं आधीच फिरलेलं होतं आणि पडदा लावायचा राहून गेला होता. पान मांडलेलं, भिंत भरलेली. तातूने हात जोडले. "येतंय गो आये. म्होरल्या वर्साक येतंय."

मी खिडकीतून ओरडलो, "अरे, दरवर्षी खोटं बोलतोस! म्हणून शिवत नाहीत ती!"

त्याने वळून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. कुणीतरी हरवलेली वस्तू हातात आणून द्यावी तसं. "मी खोटा बोलतंय," तो सावकाश म्हणाला. "बरोबर बोललात."

पान तसंच ठेवून तो तडक ऑफिसात गेला. भर दुपारी परत आला तेव्हा हातात लीव्हचा मंजूर कागद होता, पुढच्या गुरुवारच्या विमानाचा. मी अंगणात गेलो. सहा तास झाले होते. वडे काळवंडले होते, आणि पाखरं अजून त्याच ओळीत, त्या उन्हात, चोची उघड्या टाकून बसली होती.

तातूने कागद पानासमोर धरला. "गुरवारी येतंय गो आये. ह्यो बघ कागद."

एक बुलबुल उतरला. पानावर चालत आला, भाताचं एक शीत उचललं आणि गेला. आणि मग सगळी भिंत टेबलावर उतरली. तातू मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. माझ्या अंगावर मात्र त्या उन्हात काटा आला.

सोमवारी सकाळी रंधा मारता मारता तातू फळीवर वाकला तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. पेटी करावी लागली नाही. कोपऱ्यात होतीच, कडा घासलेली. मापाचा प्रश्नच आला नाही, अगदी बरोबर बसली. कागदपत्रं बुधवारी संध्याकाळी झाली आणि पेटी गुरुवारच्या विमानाने गेली. दिवस तोच, विमानही तेच.

तो आईला खोटं बोलला नव्हता.

दहाव्या दिवशी मी केळीचं पान आणलं. माझा विश्वास होता म्हणून नाही, तातूला कुणीतरी वाढायला हवं म्हणून. सकाळी पान ठेवलं आणि मान वर केली, तर भिंत भरलेली होती.

"तातू, टेबल मी चालू ठेवीन," मी म्हणालो. काही हललं नाही. "तुझ्या भावाला पत्र लिहीन." काही नाही. टप्... टप्... त्या थेंबांत मला त्याचा आठवड्याचा प्रश्न ऐकू येऊ लागला. तातूचं काय राहिलं होतं ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं. उगाच आडवळणाने चाललो होतो. "जातो रे, आईला भेटून येतो," मी म्हणालो.

तरीही नाही. इतकी वर्षं तेच बघितलं होतं, मला कळायला हवं होतं. तोंडी वचन त्या भिंतीला चालत नव्हतं.

मी ऑफिसात जाऊन लीव्हचा अर्ज भरला. साहेब प्रोजेक्टचं काहीतरी बोलत होते, मी सही होईपर्यंत समोरून हललो नाही. कागद घेऊन अंगणात आलो आणि पानासमोर धरला. एक होला उतरला.

ते पाहून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला भीती वाटली. तातूलाही असंच शिवलं होतं, आणि तो कसा गेला ते मी पाहिलं होतं. शिवणं म्हणजे जाणं होणार, एवढंच. कसं, ते पाखरं सांगत नाहीत. मुंबईपर्यंत विमानात मी खुर्चीचे हात घट्ट धरून होतो. पुण्याच्या टॅक्सीत वेगळीच भीती शिरली, मी पोचेन, पण आई? खणातलं शेवटचं पत्र दीड महिन्यापूर्वीचं होतं.

आईने दार उघडलं. वाळली होती, पण उभी होती. मला बघून तिने आश्चर्य दाखवलं नाही.

"तीन दिवस झाले," ती म्हणाली, "एक कावळा गॅलरीच्या कठड्यावर येऊन ओरडतोय. भात ठेवला तर शिवत नाही, हाकलला तर जात नाही. म्हटलं, कोण यायचं राहिलंय?"

मी तिच्या खांद्यावरून आत बघितलं. कठड्यावर तो बसलेला होता, समोर वाटीत वाळलेला भात. त्याने मान तिरपी करून माझ्याकडे बघितलं, एक घास उचलला आणि उडून गेला. मी उंबऱ्यातच आईच्या पायांशी बसलो आणि तातूसाठी पहिल्यांदा रडलो.