मायची आन

आमच्या घरी खेळणं विकत आणायची पद्धत नव्हती. सोनाळ्याच्या बाजारातून गूळ यायचा, मीठ यायचं, कंदिलाची वात यायची. खेळणं मागितलं तर बाबा म्हणत, धुऱ्यावर जा, शेताच्या बांधावर पाहिजे ते उचल. नवं मराठी राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली होती म्हणतात, पण त्याने आमच्या खेळण्यांत काही फरक पडल्याचं मला आठवत नाही. मोठा भाऊ मात्र बाबांचा शब्द खरा करून दाखवायचा. ज्वारीच्या धांड्यांची साल सोलून, आतला गाभा कापून तो बैलगाडी करायचा. चाकं फिरायची, जू बैलांच्या मानेवर नीट बसायचं. त्या वर्षीची गाडी मला हवी होती. मी नऊ वर्षांची होते आणि हवी म्हणजे हवी, असा माझा स्वभाव होता. तो अजूनही फारसा सुधारलेला नाही.

भावाने अट घातली. लपाछपीत राज्य त्याच्यावर. मी आणि लहाना, दोघांपैकी एक जरी दिवस बुडेपर्यंत सापडला नाही, तर गाडी माझी. लहाना म्हणजे आमच्यातला शेवटचा, पाच वर्षांचा. त्याच्या भरवशावर पैज घेणं हा शुद्ध मूर्खपणा होता. भावाने नुसतं "लहाना कुठी गेला बे?" म्हटलं, की हा लपल्या जागेवरून "मी इथी नाही" असं सांगायचा.

म्हणून मी त्याला कापसाच्या खोलीत नेलं. वेचणीचे दिवस होते. विकला जाईपर्यंत कापूस घरातच राहायचा आणि ओसरीमागची खोली आढ्याकडे भरत चालली होती. तिथे पाय ठेवायची आम्हाला सक्त मनाई होती. कापसात माती गेली की तो विकत घेणारे जिनवाले नाक मुरडतात. तेव्हा आत कोणी दिसलं तर तंगडी मोडीन, असं बाबांनी बजावून ठेवलं होतं. मी ढिगाच्या डाव्या कोपऱ्यात भिंतीशी खड्डा केला, लहान्याला बसवलं, वरून कापूस पसरला आणि नाकापुरती जागा ठेवली. मग त्याच्या तोंडाला कुलूप लावायला माझ्याजवळ जे होतं ते काढलं.

"तुले मायची आन हाये. मी 'सुटली' म्हणत नाही तवरोक बोलाचं नाही. कोनी बी बलावलं तरी."

आन म्हणजे शपथ. ती मोडली तर जिच्या नावाने घातली ती मरते, यावर आम्हा पोरांचा पक्का विश्वास होता. आणि सोडवायची तर जिने घातली तिनेच 'सुटली' म्हणायचं. दुसऱ्या कोणाचं चालत नसे. लहान्याने डोळे मोठे करून मान हलवली. मी दार लोटून पळाले.

मी गोठ्यात लपले आणि लगेच सापडले. भाऊ म्हणाला, खेळ संपला. मी म्हणाले, लहाना राहिलाय. त्यावरून आमची जुंपली आणि झोंबाझोंबीत गाडीचं चाक मोडलं. कोणाकडून, ते आजही आमच्यात ठरलेलं नाही. आवाज ऐकून माय बाहेर आली. दोघांना एकेक धपाटा घालून तिने भावाला शेतात पिटाळलं आणि मला घागर देऊन विहिरीवर. वेचणाऱ्या बाया येतील, त्यांना प्यायला पाणी पाहिजे होतं. विहिरीवर गर्दी होती. मी त्या मोडक्या चाकासाठी मुसमुसत पाळीची वाट पाहत उभी राहिले आणि लहान्याला साफ विसरले. हे लिहिताना अजून स्वतःचा राग येतो.

परत आले तेव्हा बायांची गाठोडी एकामागून एक खोलीत रिकामी होत होती. ढिगावर आमचा सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, चढला होता. जास्त कापूस मावावा म्हणून तो पायांनी तुडवत होता, दरवर्षी तुडवायचा तसा, भिंतीला हात टेकून, अंगाचा सगळा भार देऊन.

मायने विचारलं, "लहाना कुठी हाये वं?"

तेव्हा मी जे केलं ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मी म्हणाले, माहीत नाही. बाबा समोर उभे होते, आणि मला लहान्याच्या जिवाआधी माझी तंगडी आठवली. सालदाराने चार पावलं टाकली तोवर मी गप्प होते. पाचव्याला हातातून घागर सुटली आणि मी किंचाळले, की तो कापसात आहे, डाव्या कोपऱ्यात.

सालदार होता तिथेच थिजला. बाबांनी त्याला हाताला धरून खाली घेतलं आणि दोघे डाव्या कोपऱ्यात दोन्ही हातांनी उपसू लागले. बाया ओंजळींनी, टोपल्यांनी कापूस ओसरीवर ओढत होत्या. माय हाका मारत होती, बाबा मारत होते, शेजारचे धावून आले ते मारत होते. मध्येच सगळे थांबून कान देत. ढिगातून काही येत नव्हतं. शेवटी खड्ड्याची जागा लागली, पार भिंतीपर्यंत मोकळी झाली. तिथे कोणी नव्हतं. माय हाका मारायची थांबली आणि उंबऱ्यात खाली बसली.

तिला तशी बसलेली पाहिली आणि मला उमगलं. सगळ्या गावाने बोलावलं तरी तो ओ देणार नव्हता. मी बाबांच्या हाताखालून आत घुसले.

"सुटली," मी ओरडले. "लहान्या, आन सुटली."

उजव्या बाजूने, मागच्या झरोक्याखालून, खोकला आला.

अंगावर कापूस पडत गेला तसा तो भिंतीला धरून सरकत उजेडाकडे गेला होता आणि झरोक्याच्या गजांना तोंड लावून बसला होता. बाबांनी त्याला काखेत धरून ओढून काढलं. केसांत, भुवयांत, नाकात कापूस. बाबा एकेक पुंजका वेचून काढू लागले. लहान्याने उंबऱ्यात बसलेली माय पाहिली, तिच्याभोवती जमलेल्या बाया पाहिल्या, आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

"मी एक खेप खोकललो वं," तो मला म्हणाला. "एकच खेप. माय मेली का?"

मायने उठून त्याला ओढून घेतलं. हाका ऐकू येत होत्या का, तिने विचारलं. तो हाव म्हणाला.

"मंग काऊन नाही बोलला बे?"

"तू मेली असती."

मायने त्याच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, मार खायला. बाया घरी गेल्या, कापूस पुन्हा आत भरून झाला, लहाना तिच्या मांडीवर झोपला, तरी मी उभीच होते. तिने मला मारलं नाही.